डब्यातलं पाणी: ग्रीक दह्याच्या महिनाभराच्या नोंदी

१ फेब्रुवारी

फ्रिज पुसताना मागच्या कप्प्यात ग्रीक दह्याचा किलोचा डबा सापडला. निम्मा भरलेला, आणि वर हिरवट बुरशीचा ठिपका. सगळाच टाकला. ठिपका खरवडून खालचं वापरायचा मोह होतो, पण ओल्या, मऊ पदार्थात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असू शकतात. असा टाकलेला हा तिसरा डबा. दर वेळी एकच गोष्ट होते. डबा आला की दोन दिवस सगळे मध घालून वाटीवाटीने खातात, तिसऱ्या दिवशी कंटाळतात, आणि मग डबा हळूहळू मागे सरकत जातो.

म्हणून हा प्रकल्प. आठवड्याला साध्या, बिनगोड ग्रीक दह्याचा एक किलोचा डबा, असे चार आठवडे. मधाची वाटी आठवड्यातून दोनदाच. उरलेलं दही रोजच्या जेवणाखाण्यात कुठेतरी मुरवायचं, आणि काय जमलं, काय फसलं ते इथे लिहायचं. चव बघायला दोघं आहेत. बाबांच्या दातांचं काम चालू आहे, त्यामुळे त्यांना मऊ लागतं. लेकीला काहीच आवडत नाही, त्यामुळे तिचं मत जास्त उपयोगाचं.

२ फेब्रुवारी

सुरुवात वजनकाट्यापासून. ग्रीक दही म्हणजे निथळलेलं दही हे माहीत होतं, पण किती निथळलेलं ते कधी मोजलं नव्हतं. चाळणीवर मलमलचं फडकं टाकलं, त्यात साधं दही ५०० ग्रॅम, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये. दोन तासांनी फडक्यात ३६० ग्रॅम उरलं, सहा तासांनी २५५. रात्रभर ठेवून उद्या पुन्हा मोजेन. सहा तासांचं दही डब्यातल्या ग्रीक दह्याशेजारी ठेवलं तर चमच्याला दोन्ही सारखीच लागतात. म्हणजे निम्मं वजन पाणीच होतं.

ग्रीक भाषेत याचं नाव ‘स्ट्रांगिस्तो’, म्हणजेच निथळवलेलं. नावातच कृती. ‘ग्रीक’ हे विशेषण बाहेरच्या बाजारांनी चिकटवलं, आणि ते इतकं किमती ठरलं की ब्रिटनमध्ये त्यावरून खटला उभा राहिला. फाये ही ग्रीक कंपनी आणि चोबानी ही अमेरिकी. २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने फायेच्या बाजूने निकाल कायम ठेवला: ग्रीसमध्ये न बनलेलं दही तिथे ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून विकायचं नाही. बाकीच्यांना उरलं ‘ग्रीक स्टाइल’.

आपल्याला निकालापेक्षा डब्यामागची बारीक अक्षरं महत्त्वाची. घटकांमध्ये दूध आणि विरजणाचे जीवाणू एवढंच असेल तर दही निथळूनच घट्ट केलेलं असण्याची शक्यता जास्त. स्टार्च, जिलेटिन, पेक्टिन असली नावं दिसली तर तो घट्टपणा घातलेला आहे, पाणी आतच आहे. वाटीत खायला दोन्ही चालतात. स्वयंपाकात दोघांची वागणूक वेगळी.

प्रथिनांचंही गणित पाण्याचंच. साध्या दह्यात १०० ग्रॅममागे साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिनं, साय काढलेल्या दुधाच्या ग्रीक दह्यात दहाच्या आसपास. प्रथिनं कुणी वरून घातलेली नाहीत. केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, फडक्यात राहिलं आणि निवळी, म्हणजे दह्याचं पाणी, खाली गेली, इतकंच. निवळीबरोबर थोडी दुधातली साखर जाते आणि काही कॅल्शियमही जातं, हे मात्र जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

३ फेब्रुवारी

फडक्यातलं सकाळी २१० ग्रॅम. आता हा सरळ चक्का झाला, चमचा उभा राहतो. ग्रीक दही म्हणजे चक्क्याचा जरा ओलसर भाऊ.

एक बारीकशी गोष्ट. लेकीने काल डब्याच्या मधोमध खड्डा करून दही घेतलं होतं. सकाळी खड्ड्यात पिवळसर पाण्याचं तळं. ते ओतून टाकायचं नाही, परत ढवळून घ्यायचं. आणि दही घेतलं की चमच्याच्या पाठीने वरचा थर सपाट करून ठेवायचा. खड्डा ठेवला की आजूबाजूची निवळी त्यात उतरत राहते, आणि डबा ‘खराब झालाय’ असं सगळ्यांना वाटायला लागतं. माझे आधीचे तीन डबे मागे ढकलले जायचं निम्मं कारण हेच असावं.

५ फेब्रुवारी

काल रात्री नाश्त्याची तयारी म्हणून तीन बरण्या भरल्या. तळाला ओट्स, वर दूध, त्यावर ग्रीक दही. पहिलीत केळं, दुसरीत गोठवलेल्या बेरी, तिसरीत किवीचे तुकडे दह्यात नीट मिसळून. तिसरी लेकीची.

सकाळी लेक म्हणाली, “आई, हे कडू आहे.”

“कडू कसं असेल? किवी आंबट असेल.”

“तू खाऊन बघ.”

खाल्लं. पहिल्या क्षणी आंबटगोड, मग जिभेच्या मागच्या बाजूला स्पष्ट कडवट, औषधाची गोळी चघळल्यासारखं. दही पातळही झालेलं, बरणी तिरकी केली तर वाहत होतं. काल रात्री ह्याच दह्यात चमचा रुतत होता.

कारण किवीतच आहे. ताज्या किवीत ॲक्टिनिडिन नावाचं विकर असतं, अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन. तिन्ही प्रथिनं तोडतात. दह्यातल्या केसिनचे तुकडे पडले की काही तुकडे चवीला कडू लागतात, आणि पाणी धरून ठेवणारी जाळीच तुटल्यामुळे दही सैल पडतं. डब्याबंद अननस चालतो, कारण तो डब्यात भरताना तापवलेला असतो आणि विकर निकामी होतं. ताजी फळं हवी असतील तर खायच्या क्षणी वर घालायची.

बेरींची बरणी बरी होती, फक्त वितळलेल्या बेरींचं पाणी दह्यात उतरून जांभळ्या रेघा ओढल्या होत्या. पुढच्या वेळी बेरी तळाला, ओट्सच्या खाली. ओट्सना पाणी हवंच असतं. केळ्याच्या बरणीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बाबांनी ती संपवली.

८ फेब्रुवारी

पहिला डबा काल संपला. त्यातलं शंभर ग्रॅम मी उभ्याउभ्या चमच्याने खाल्लं, ते धरूनच.

आज टोमॅटोच्या सुपात. क्रीमऐवजी दोन मोठे चमचे ग्रीक दही, सूप उकळत असताना, डबा थेट फ्रिजमधून. क्षणात फाटलं. लाल सुपात पांढऱ्या कण्याच कण्या.

बाबांनी भांड्यात डोकावून पाहिलं. “यात साबण किसलास का?”

“दही फाटलंय, बाबा. तुम्ही नुसता ब्रेड खा.”

“दे गं, चव कुठे फाटलीय.” आणि दोन वाट्या प्यायले.

९ फेब्रुवारी

कालचा अपमान मनात होता, म्हणून आज बेत करूनच उतरले. एकाच सुपाच्या तीन वाट्या.

पहिली: कमी चरबीचं दही, गार, उकळत्या सुपात. पुन्हा कण्या.

दुसरी: १० टक्के चरबीचं दही, खोलीच्या तापमानाला आणलेलं. त्यात आधी दोन पळ्या गरम सूप थोडंथोडं मिसळलं, मग गॅस बंद केलेल्या सुपात ते ओतलं. एकही कणी नाही.

तिसरी: पुन्हा कमी चरबीचंच, पण अर्ध्या कपाला अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर घोटून. हे मुद्दाम मंद उकळी येईपर्यंत तापवलं. टिकलं. किंचित चिकट लागलं, पण टिकलं.

दही लागतं तेव्हाच दुधातलं केसिन आम्लामुळे एकमेकांना बिलगलेलं असतं. त्यात उष्णता आणि टोमॅटोचं आणखी आम्ल मिळालं की ते घट्ट आवळतं आणि आपल्यातलं पाणी पिळून टाकतं. त्या पिळलेल्या गुठळ्या म्हणजे कालचा साबण. चरबी आणि स्टार्च मध्ये पडून हे आवळणं रोखतात. ज्या दह्याच्या घटकांत स्टार्च आहे, ज्याला मी परवा नाक मुरडलं, ते इथे जास्त सोशिक निघेल, हेही लिहून ठेवते.

फाटलेल्या वाटीचं काय? मिक्सरमधून फिरवली, दिसायला सुधारली. थोडी रवाळ राहिली.

१२ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार, कारण आजचा पदार्थ या महिन्यातला सगळ्यात उपयोगी ठरेलसं वाटतंय. ग्रीकांचा काकडी-दह्याचा त्झात्झिकी.

आधी एकदा केला होता तेव्हा तासाभरात त्याचं पाणी पाणी झालं होतं. आज काकडी मोजूनच घेतली: ३०० ग्रॅम, मोठ्या भोकांच्या किसणीवर किसलेली. अर्धा छोटा चमचा मीठ चोळून चाळणीत वीस मिनिटं. मग मुठीत घेऊन पिळली. पहिल्या मुठीत वाटलं की संपलं, पण फडक्यात बांधून पिळल्यावर पुन्हा धार लागली. एकूण १२० ग्रॅम पाणी. हे सगळं पाणी मागच्या वेळी मी दह्यात घातलं होतं! निथळलेल्या दह्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि काकडीने ते पाणी परत आत ओतायचं.

पिळलेली काकडी, ४०० ग्रॅम दही, लसणाची एकच पाकळी मिठाबरोबर ठेचून अगदी लगदा केलेली, ऑलिव्ह तेल दोन मोठे चमचे, व्हिनेगर एक छोटा चमचा, चिरलेला शेपू. मीठ शेवटी, चाखून, कारण काकडीत आधीचं असतंच. तासभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचं. लसणाच्या बाबतीत हात आवरता घ्यायचा. करताना एक पाकळी कमी वाटते, दुसऱ्या दिवशी तीच एक पाकळी डब्याचं झाकण उघडताच दारातून ऐकू येते.

कशाबरोबर खाल्लं: उकडलेल्या गरम बटाट्यांवर (बाबा), भाजलेल्या गाजरांबरोबर (मी), आणि सँडविचमध्ये लोण्याच्या जागी (लेक, काकडी आहे हे न सांगता). ब्रेडला साधं दही लावलं तर ब्रेड भिजतो. हे डब्यात दुपारपर्यंत तसंच राहिलं.

१४ फेब्रुवारी

मधाची वाटी. अक्रोड कढईत कोरडे भाजून वर टाकले, आणि दह्यात मिठाची चिमूट. मिठाने मध जास्त गोड लागतो, म्हणून तो थोडाच पुरतो. दुसरा डबाही संपला.

१६ फेब्रुवारी

रात्री स्वयंपाकाचा कंटाळा. दह्यात लसूण आणि मीठ घोटून ते ताटलीत पसरलं, चमच्याच्या पाठीने त्यात गोल चर काढला, त्यावर पाण्यात सोडून शिजवलेली अंडी. लहान कढल्यात लोणी फेसाळेपर्यंत तापवलं, त्यात लाल मिरचीचा भरडा टाकला आणि लगेच ओतलं. नारिंगी लोणी चरात उतरलं, अंडं फोडल्यावर पिवळा बलक त्यात मिसळला. ब्रेडने पुसून खाल्लं. लेकीनेही काही बोलायचं विसरून खाल्लं.

एकच काळजी: दही तासभर आधी फ्रिजबाहेर काढायचं. गार दह्यावर गरम अंडं ठेवलं की दोन मिनिटांत दोन्ही कोमट.

१७ फेब्रुवारी

कोंबडीचे तुकडे दही, लसूण, मीठ, मिरपूड, लिंबाची किसलेली साल लावून सहा तास. साध्या दह्याचं मिश्रण भांड्याच्या तळाशी ओघळतं, हे तुकड्यांना लेपासारखं धरून बसतं. दह्यातलं आम्ल लिंबाच्या रसापेक्षा सौम्य, त्यामुळे मांस मऊ होतं पण वरून पांढरं, शिजल्यासारखं होत नाही. रात्रभर चालतं. दोन दिवस ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो.

पहिला घाणा फसला, कारण लेप जाड ठेवला होता. तव्यावर आधी त्यातलं पाणी सुटलं, तुकडे वाफेवर शिजले, रंगच आला नाही. दुसऱ्या घाण्याला बोटाने जास्तीचं दही पुसून काढलं, नुसती पातळ झिलई ठेवली. छान तपकिरी डाग पडले.

१९ फेब्रुवारी

केक. कृतीत ‘एक कप दही’ होतं. मी एक कप ग्रीक दही घातलं आणि पीठ मळलेल्या कणकेसारखं झालं, चमच्याने पडेना. तसंच भाजलं. वर भेग, आत कोरडं. चूक उघड आहे: कृती लिहिणाऱ्याच्या कपात जेवढं पाणी होतं तेवढं माझ्या कपात नव्हतं. पाऊण कप ग्रीक दही आणि पाव कप दूध असं हवं होतं. सोडा बरोबर होता, एक कप दह्याला अर्धा छोटा चमचा. दह्याचं आम्ल आणि सोडा यांचं लगेच जुळतं, म्हणून मिश्रण झालं की भांडं ओव्हनमध्ये जायला हवं. फोन आला म्हणून मी दहा मिनिटं थांबले होते, तेही नडलं असणार.

लोणी पूर्ण काढून सगळीकडे ग्रीक दही घाला, असा सल्ला फार दिला जातो. मागे एकदा ऐकला होता, केक रबरासारखा झाला होता. निम्मं लोणी ठेवा.

मेयोनेजचंही तेच. निम्मं मेयोनेज, निम्मं दही घातलेलं उकडलेल्या अंड्यांचं सॅलड कुणाला ओळखू आलं नाही. पूर्ण दह्याचं ओळखू आलं.

२१ फेब्रुवारी

मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, मीठ, ग्रीक दही १५० ग्रॅम. मळायचं, पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, चार गोळे, लाटून कोरड्या गरम तव्यावर. यीस्ट नको, पीठ फुगायची वाट बघणं नको. पाणी एक थेंबही घातलं नाही, दह्यात होतं तेवढं पुरलं. लेकीने स्वतः लाटले आणि स्वतः लाटलेले असल्यामुळे तिला आवडले. गरम असतानाच खावेत, गार झाल्यावर चिवट.

तिसरा डबा यातच संपला.

२२ फेब्रुवारी

चौथ्या डब्यातलं थोडं गोठवून बघितलं. नुसतं दही: वीट. बाहेर ठेवलं तर पाणी एकीकडे, रवाळ चोथा एकीकडे. पाण्याचे स्फटिक होताना जाळी फाडतात, ती पुन्हा जुळत नाही. मध आणि कुस्करलेलं पिकं केळं घालून गोठवलं तेव्हा मात्र दहा मिनिटांत चमचा शिरला. साखर सगळं पाणी गोठू देत नाही. विटेचं दही पॅनकेकच्या पिठात घालून संपवलं, तिथे रवाळपणाला कोण विचारतो.

२५ फेब्रुवारी

निवळीचा हिशेब राहिला होता. पहिल्या दिवसापासूनची बाटलीत भरून गोठवून ठेवली होती. काचेच्या ग्लासात उजेडासमोर धरली तर फिकट हिरवट-पिवळी, तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा. मोठ्या डेअऱ्यांना हीच निवळी डोकेदुखी असते. टँकरच्या टँकर निघते, आणि नदीत सोडली तर ती कुजवताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. माझी पाव लिटर. ब्रेडच्या पिठात पाण्याऐवजी घातली. ब्रेडला किंचित आंबूस चव आली, कड जास्त लालसर भाजली. सुपातही एक पेला खपली. नुसती प्यायचा प्रयत्न केला, पुन्हा करणार नाही.

२७ फेब्रुवारी

चौथ्या डब्याच्या तळाशी दोन मोठे चमचे. पुसून ब्रेडला लावणार होते, मग वाटलं, यातले जीवाणू जिवंत आहेत तर कामाला का लावू नयेत.

एक लिटर सायीसकट दूध, थर्मामीटर लावून ८५ अंशांपर्यंत, आणि मंद आचेवर तिथेच दहा मिनिटं. नुसतं कोमट करून विरजण लावलं तरी दही लागतं, पण सैल लागतं. एवढं तापवलं की निवळीतली प्रथिनं उलगडून केसिनला चिकटतात आणि ती जाळी पाणी जास्त घट्ट धरते. मग ४४ अंशांपर्यंत गार होऊ दिलं. तळाचे दोन चमचे वाटीभर दुधात मोडून, ते सगळ्यात मिसळलं. पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये, दिवा चालू ठेवून.

लेकीने विचारलं, “हे आता किती दिवस खायचं?”

“सात तास तर लागायला लागतील.”

“मी ते नव्हतं विचारलं.”

२८ फेब्रुवारी

रात्री झोपताना पातेलं फ्रिजमध्ये सरकवलं होतं. सकाळी बघितलं तर दही मस्त लागलेलं, सुरी फिरवली तर कड स्वच्छ. वर बोटभर निवळी. १,०२० ग्रॅम चाळणीत ओतलं. तीन तासांनी बाबा येऊन म्हणाले, “आता बास कर, मला एवढंच घट्ट आवडतं.” काट्यावर ५६०. त्यांची वाटी बाजूला काढून दिली, उरलेलं अजून निथळतंय. संध्याकाळी काकडी किसायची आहे.